कोरकू मुलांच्या मराठीवर पीएचडी करायचीय, विषय नेमका कसा पकडू?

रानवाट

नमस्कार मंडळी. मी मेळघाटात धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, सध्या 2री आणि 3री एकत्र माझ्याकडे आहेत, पट 27. एम.एड. झालंय, पीएचडीला नाव नोंदवायचंय आणि सिनॉप्सिसपाशीच, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यापाशीच, गाडी अडलीय. मार्गदर्शक म्हणून ज्यांच्याकडे गेले त्यांनी जुन्या प्रबंधांची यादी हातात दिली आणि म्हणाले यातलं एखादं घ्या, तालुका बदला. "इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी विषयात येणाऱ्या अडचणींचा चिकित्सक अभ्यास", "अमुक अध्यापन पद्धतीची परिणामकारकता", असलीच सगळी नावं. मन काही घेत नाही.

माझ्या वर्गातली 24 मुलं घरी कोरकू, म्हणजे इथल्या आदिवासींची भाषा, बोलतात. मी इथं आले तेव्हा मला डा म्हणजे पाणी आणि जोम म्हणजे जेव एवढंच येत होतं, आता कामापुरती बोलते. गेल्या महिन्यात एक मुलगी फाटकं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली "मॅडम, माझी पुस्तक फाटला." मी सवयीनं म्हटलं "माझं पुस्तक फाटलं." ती हो म्हणाली, जागेवर गेली आणि शेजारणीला परत सांगितलं, माझी पुस्तक फाटला. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. एका वाक्यात एकाच पुस्तकाला तिनं स्त्रीलिंगही दिलं आणि पुल्लिंगही दिलं, आणि मराठीत ते आहे नपुंसकलिंगी! आणि ही मुलगी हुशार आहे हो, पाढे घडाघडा म्हणते, गोष्ट सांगायला सगळ्यात पुढे असते.

तर माझा प्रश्न असा की एवढ्याशा गोष्टीवर पीएचडी होते का, की हा नुसता पेपराचा विषय आहे? दुसरे दोन विषय डोक्यात आहेत, एक संवादात्मक पद्धत विरुद्ध व्याकरण-भाषांतर पद्धत, दुसरा मोबाइल ॲपवरून शब्दसंग्रह. उपयोजित भाषाविज्ञानातलं मला फार येत नाही, शिक्षणशास्त्राकडून आलेय. कुणी नीट समजावून सांगेल का.

खडूफळा

ताई, विषय तुम्हाला सापडलाय, नाव तेवढं द्यायचं बाकी आहे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, वीसेक वर्षं झाली, पीएचडीच्या तोंडी परीक्षांना बसून बसून "परिणामकारकता" हा शब्द ऐकला की पुढचं पान न बघता सांगता येतं. तीस मुलं या गटात, तीस त्या गटात, सहा आठवडे शिकवलं, दोन गटांच्या सरासरी गुणांची तुलना करणारी टी-टेस्ट लावली, नवी पद्धत सरस. शिकवणारा तोच, पेपर काढणारा तोच आणि तपासणाराही तोच, मग दुसरं काय निघणार. पद्धतींवर कामच करू नये असं नाही, एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 बेंगळुरू आणि मद्रासकडच्या साध्यासुध्या शाळांमध्ये व्याकरण न शिकवता नुसती कामं देऊन इंग्रजी शिकवून बघितलं आणि त्यावर आजही जगभर चर्चा होते, पण ती पाच वर्षांची मेहनत होती आणि सोबत शिक्षकांचा आख्खा गट होता. एकट्या माणसाला नोकरी सांभाळून ते झेपत नाही.

आता तुमची मुलगी. 1967 साली पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला, शिकणाऱ्याच्या चुकांना काय अर्थ असतो यावर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जीभ घसरणं वेगळं आणि चूक वेगळी. जीभ घसरली तर माणूस स्वतःच सावरतो. चूक मात्र परत परत तशीच येते, कारण मुलाच्या मनात एक नियम तयार झालेला असतो आणि ते त्या नियमानं बरोबरच बोलत असतं. तुम्ही दुरुस्त केल्यावरही ती शेजारणीला तेच म्हणाली ना, म्हणजे घसरलेली जीभ नाही ती. मग 1972 मध्ये सेलिंकर या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञांनी या मधल्या अवस्थेला नाव दिलं, इंटरलँग्वेज. आपण अंतरभाषा म्हणू. ती कोरकू नाही, तुमची मराठीही नाही, त्या मुलीची स्वतःची भाषा आहे आणि तिला स्वतःचं व्याकरण आहे. ते व्याकरण शोधून काढायचं, झाला तुमचा प्रबंध.

त्याच्या आधी 1957 चे भाषाशास्त्रज्ञ लाडो म्हणायचे, दोन भाषा शेजारी ठेवा, जिथं फरक तिथं मूल अडखळणार. तुमच्याकडे ते अर्धंच लागू पडतं. कोरकू मुंडा नावाच्या वेगळ्याच भाषाकुळातली, तिथं मराठीसारखी तीन लिंगं नाहीत, सजीव-निर्जीव असा भेद आहे. म्हणजे मूल लिंगापाशी अडखळणार हे घरबसल्या सांगता येतं. पण कसं अडखळणार? सगळं एकाच लिंगात ढकलेल, की शब्दाचा शेवट बघून ठरवेल, की ऐकलेले जोड तसेच्या तसे पाठ ठेवेल? हे लाडोंना सांगता येत नाही, ते वर्गात बसूनच कळतं.

करायचं कसं ते सांगतो. 24 नामं घ्या. 12 अशी की शेवटावरून लिंग कळतं, रस्ता, चमचा, आंबा, काठी, गाडी, केळं, भांडं वगैरे. 12 अशी की काहीच कळत नाही, दगड, भिंत, झाड. पाणी-दही आणि शाळा-जागा ही फसवी मंडळी आहेत, ती वेगळी ठेवा, नंतर कामाला येतील. चित्र दाखवा आणि रंग विचारा. रंग हिरवा, पिवळा, काळा एवढेच घ्या, लाल चुकूनही नको कारण लाल बदलतच नाही, लाल गाडी लाल दगड लाल फूल, मग तुम्हाला कळणार काय. आणि एकवचनच ठेवा. "हिरवी पानं" मधली हिरवी आणि "हिरवी गाडी" मधली हिरवी ऐकायला एकच, पण एक नपुंसकलिंगी अनेकवचन आणि दुसरं स्त्रीलिंगी एकवचन. आपण मोठ्यांनी कधी लक्षच दिलेलं नसतं, मुलाचा मात्र तिथं पार गोंधळ होत असणार.

आणि शेवटी सहा खोटे शब्द. जीन बर्को यांनी 1958 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून अनेकवचन विचारलं होतं, ती युक्ती अजूनही चालते. टोमका, लिफी, गुडं असलं काहीतरी बनवा, चित्र काढा. मूल "हिरवा टोमका, हिरवी लिफी, हिरवं गुडं" म्हणालं तर त्यानं नियम पकडलाय, कारण हे शब्द त्यानं जन्मात ऐकलेले नाहीत. खऱ्या शब्दांवर बरोबर आणि खोट्यांवर गोंधळ असेल तर पाठांतर आहे.

कपाशी

खडूफळा सरांचं सगळं पटलं पण एक राहून गेलं. मी अकोल्याचा, धारणीला सासर आहे. तिथल्या बाजारात मराठी किती ऐकू येते हो? दुकानदार हिंदी, एसटीतले लोक हिंदी, पलीकडं मध्य प्रदेश. मूल घरी कोरकू, बाजारात हिंदी, आणि शाळेत जी मराठी ऐकते ती पण पुस्तकातली एक आणि मॅडमच्या तोंडची एक. आमच्याकडं वऱ्हाडात माह्यं पुस्तक म्हणतात, माझं कोण म्हणतं घरी. मग कोरकू-मराठी एवढंच धरून कसं चालेल.

"माझी पुस्तक" हे मला तर सरळ हिंदीचं वाटतं. हिंदीत किताब पण स्त्रीलिंगी आणि पुस्तक पण स्त्रीलिंगी. ताई तुम्ही यादीत मुद्दाम असे शब्द टाका की जे दोन्ही भाषांत आहेत पण लिंग वेगळं. दुकान, हिंदीत स्त्रीलिंगी आपल्यात नपुंसकलिंगी. आवाज, हिंदीत स्त्रीलिंगी आपल्यात पुल्लिंगी. पोरगं "मोठी दुकान, मोठी आवाज" म्हणालं की समजायचं हिंदीतून आलं, आणि "मोठा दुकान" म्हणालं तर हिंदी नाही, दुसरंच काही आहे. नाहीतर सगळं खापर कोरकूवर फुटेल आणि तिच्यावर आधीच कमी फुटलंय का. कोरकूमुळं पोरं मागं राहतात हे ऐकून ऐकून त्या लोकांनीच पोरांशी कोरकू बोलणं सोडायला घेतलंय काही घरांत, मी डोळ्यानं बघितलंय, सासऱ्यांच्या शेजारच्या घरात आजी नातवाशी तुटक्या हिंदीत बोलते आणि नातू तिच्याकडं बघत राहतो.

टेकगुरू99

ॲपचा विषय घ्या मॅडम, सध्या एआयला मागणी आहे, पेपर लवकर छापून येतील.

पाटीपेन्सिल

टेकगुरू, लवकर छापून येईल हे खरं असेलही, पण ताईंच्या शाळेत रेंज असते का ते आधी विचारा.

ताई, मी पालघर जिल्ह्यात वाड्याच्या बाजूला पहिली-दुसरीच्या वाचनावर काम केलंय म्हणून थोडं त्या अंगानं लिहिते. आमच्या भागात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांचा अभ्यास केला होता, वाड्यात मराठी आणि कर्नाटकात यादगीरला कन्नड, तीच मुलं पहिली ते तिसरी धरून, अहवाल 2017 ला आला. तो जरूर वाचा. मला त्यातून सगळ्यात मोठी गोष्ट मिळाली ती म्हणजे त्याच मुलांच्या मागे राहणं. आपल्याकडचे बहुतेक प्रबंध एका दिवसाच्या चाचणीवर उभे असतात, जून ते मार्च मुलात काय बदललं हे कुणी बघतच नाही. तुमच्याकडे तर मुलं दोन वर्षं असतात! बाहेरून येणाऱ्या संशोधकाला ही चैन नाही.

दुसरं म्हणजे, प्रथम संस्थेच्या असर सर्वेक्षणातली वाचनाची चाचणी सगळ्यांना माहीत आहे, 2005 पासून चालू आहे, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या. मूल मोठ्यानं किती वाचतं हे त्यातून कळतं आणि ते कळायलाच पाहिजे. पण वाचलेलं समजलं का ही गोष्ट निराळी. माझ्याकडं एका वारली पाड्यातला मुलगा होता, दुसरीतला, त्यानं विहीर आणि बेडकाची गोष्ट न अडखळता वाचून दाखवली, बोटसुद्धा ठेवलं नाही ओळीखाली. मी खूश. मग त्यानं हळूच विचारलं, बाई बेडूक म्हणजे काय? बेडूक त्यानं हजारदा पाहिलेला, पावसाळ्यात घरात येतो, फक्त घरच्या बोलीत त्याचं नाव वेगळं. मी "बेडूक विहिरीत का राहत होता" विचारलं असतं आणि तो गप्प बसला असता तर मी वहीत लिहिलं असतं, आकलन कमी. त्या दिवसापासून मी उत्तर ज्या भाषेत द्यायचं त्या भाषेत दे असं सांगायला लागले. ताई, तुम्हाला कोरकू येते हे फार मोठं हत्यार आहे, मराठीत विचारून मराठीतच उत्तर मागितलं तर समज आणि बोलता येणं या दोन्ही गोष्टी एकाच गुणात मिसळतात, मग वेगळ्या करता येत नाहीत.

एडिसनची आई

इथं लिहू का नको असा विचार करत होते, कारण माझा प्रश्न पार दुसऱ्या टोकाचा आहे. मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, स्वयंसेवक म्हणून, मुलं 8 ते 10 वर्षांची, सगळी इथंच जन्मलेली. त्यांना मराठी समजते सगळी, आजी-आजोबांचे फोन कळतात, बोलताना मात्र "मी पोळी खाल्लो", "मी पिक्चर बघितलो". मी दर आठवड्याला सांगते, पोळी खाल्ली, पिक्चर बघितला, कर्म बघा कर्म. मुलं माना डोलावतात आणि पुढच्या रविवारी परत खाल्लो. मी आत्तापर्यंत हे सरळ इंग्रजीच्या खात्यात टाकत होते, तिथं क्रियापद कर्माकडे बघतच नाही ना. पण वरचं कॉर्डर आणि नियमाचं वाचलं आणि आता शंका येतेय. मुलांच्या मनात नियम काय असेल?

खडूफळा

एडिसनच्या ताई, प्रश्न अजिबात दुसऱ्या टोकाचा नाही, तोच आहे. तुम्ही घरात मुलांशी काय बोलता ते आठवा. "मी पाणी प्यालो", "मी दप्तर विसरलो", "मी गाणं शिकलो". ही प्रमाण मराठीच आहे आणि इथं कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्याबरोबरच चाललंय. पिणे, विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदं तशीच आहेत. आता मुलानं दिवसभरात प्यालो आणि विसरलो किती वेळा ऐकलं असेल! त्यावरून त्यानं खाल्लो बनवलं तर इंग्रजीला दोष कशाला, त्यानं मराठीतलाच नियम मराठीत जरा जास्त ताणला. एक करून बघा, नवीन क्रियापदं देऊन बघा, म्हणजे "मी चित्र रंगवलं" की "रंगवलो". सगळीकडे ओ येत असेल तर नियम पक्का झालाय. घरी ऐकून भाषा आली पण शाळा दुसऱ्या भाषेत, अशा मुलांना वारसाभाषक म्हणतात आणि त्यांच्यावर जगभर भरपूर काम झालंय, मराठी मुलांवर फार थोडं. तुमच्या रविवारच्या वर्गातही एक प्रबंध लपलेला आहे.

चिवडा_सोलापूर

नमस्कार. आमच्याकडं "मी पोळी खाल्लो" असंच म्हणतात की हो. मी काम केलो, मी पेपर वाचलो. घरी आई, बाबा, मामा सगळे. मी शाळेत असताना या एका गोष्टीवरून वर्गात उभं करायचे, वह्या लाल करून द्यायचे, बाकीची पोरं हसायची. बारा वर्षं मला वाटायचं आपल्या घरच्यांना मराठी येत नाही. आईला मी दुरुस्त करायला लागलो होतो, तिनं मग माझ्याशी बोलणंच कमी केलं होतं काही दिवस. नंतर नोकरीला पुण्यात आलो आणि कळलं की डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलंय आणि ते नेटवर बघायला मिळतं. त्यात आमच्या भागातलं हे वैशिष्ट्य म्हणून नोंदवलेलं आहे. वैशिष्ट्य! मी ते पान आईला फोनवर वाचून दाखवलं.

म्हणून ताई लोकहो, कुठलंही वाक्य चूक म्हणून वहीत लिहायच्या आधी ते मूल कुणाचं ऐकतंय ते बघा.

एडिसनची आई

चिवडा, तुमचं वाचून रात्री एका मुलाच्या आईला फोन केला. चौघं मुलं सगळ्यात जास्त खाल्लो-केलो म्हणतात, त्यातल्या एकाची आजी अक्कलकोटची, वर्षातले सहा महिने इथं असते आणि शाळेतून आला की तोच तिला दिवसभराचं सगळं सांगतो. बाकी तिघांच्या घरी तसं कुणी नाही, म्हणजे त्या तिघांचं कारण खडूफळा सर म्हणतात ते असू शकेल आणि याचं वेगळंच. आणि मी चौघांनाही एकच लाल रेघ मारत होते. या रविवारपासून त्याला मी "तुझी आजी असं म्हणते, पुस्तकात असं लिहितात, दोन्ही येऊ देत" असं सांगणार आहे.

कट्टा_मराठी

मी मुंबईत बँकेतल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या अमराठी लोकांना मराठी शिकवतो, संध्याकाळचे वर्ग. मोठ्या माणसांचं सांगतो कारण तुलना करायला उपयोगी पडेल. हिंदी भाषकांना लिंग अवघड जातं पण दोन लिंगांची सवय असते, तिसऱ्याची फक्त भर घालायची. त्यांची खरी दांडी उडते "आपण" आणि "आम्ही" मध्ये. हिंदीत दोन्हीला हम. एक अधिकारी काउंटरवर ग्राहकाला प्रेमानं म्हणाले "चला, आम्ही फॉर्म भरू", तो बिचारा तिथंच उभा राहिला, यांचं भरून होईपर्यंत. ग्राहक सामील आहे की नाही एवढंच त्या एका शब्दावर ठरतं. आणि उच्चारात च, ज आणि झ. "माझा" मधला झ वेगळा, "माझी" मधला वेगळा, लिहायला अक्षर तेच. पाण्याचा जग आणि दुनियेचं जग. हे पाठ्यपुस्तकात कुठे सांगितलेलंच नसतं, ऐकून ऐकून येतं.

माझा प्रश्न रानवाट ताईंना, कोरकूत आपण-आम्ही असा भेद आहे का? असेल तर तुमची मुलं तिथं चुकायला नकोत. चुका मोजताना न होणाऱ्या चुकाही मोजा असं मला फार वाटतं.

रानवाट

मंडळी, आठवडाभर इकडं फिरकले नाही कारण वर्गात मान खाली घालून लिहीत होते. एवढं सगळं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार.

कट्टा सर, तुमच्या प्रश्नानं तर माझी झोपच उडाली. हो, कोरकूत हा भेद आहे, आणि नुसता आपण-आम्ही एवढाच नाही, आपण दोघं वेगळं, आपण सगळे वेगळं, आम्ही दोघं वेगळं. एक, दोन आणि पुष्कळ अशी तीन वचनं आहेत त्यांच्यात. कोरकू हे नावसुद्धा कोरो म्हणजे माणूस आणि कू हे अनेकवचन, म्हणजे माणसं. मग मी आठवडाभर फक्त हेच ऐकायचं ठरवलं. मुलांच्या बोलण्यात आपण किंवा आम्ही आलं की खडूनं दाराच्या मागे रेघ मारायची, चुकलं तर फुली. शनिवारी मोजल्या तर 61 रेघा आणि फुली एकही नाही. एकही नाही हो. "मॅडम आम्ही पाणी आणतो" म्हणाले तर मला वगळून, आणि "मॅडम आपण सगळे झाडाखाली जेवू" म्हणाले तर मला धरून, दरवेळी. याच मुलांबद्दल मी स्वतः शिक्षकांच्या केंद्राच्या बैठकीत म्हटलेलं आहे की यांचा भाषेचा पायाच कच्चा आहे. दारामागच्या त्या रेघा बघून मला फार वाईट वाटलं आणि तेवढाच आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

कपाशी दादांच्या दुकान-आवाजचं पण करून बघितलं, अजून फक्त पाच मुलांबरोबर. ज्यांच्या घरचे बाजारात भाजी विकतात ती दोघं "मोठी दुकान" म्हणाली. आतल्या पाड्यावरची दोघं, ज्यांना हिंदी फार कानावर पडत नाही, "मोठा दुकान" म्हणाली, आणि त्यांच्याकडं भिंत पण मोठा, झाड पण मोठा, गाडी पण मोठा. पुस्तकवाली मुलगी भाजीवाल्यांच्यातली आहे. तिला मी विचारलं, पुस्तक कसं आहे, म्हणाली चांगली. फाटलं का काय झालं, म्हणाली फाटला. म्हणजे विशेषण हिंदीसारखं चालतंय आणि क्रियापद त्या पाड्यावरच्या पोरांसारखं सगळ्यांना एकच. पाचवा मुलगा काही बोललाच नाही, त्याला चित्रच हवं होतं, घरी घेऊन गेला.

माझे प्रश्न आता असे, हे पाच मुलांवरून लिहिता येणार नाही हे कळतंय, पण किती मुलं लागतील? आणि रेकॉर्डिंगचं काय करू, मी खिशात मोबाइल चालू ठेवला होता तर अर्धा वेळ कापडाचाच आवाज.

खडूफळा

ताई, हे वाचून मी आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्यांना. "माझी" एका वाटेनं आणि "फाटला" दुसऱ्या वाटेनं, हे जर वीस-पंचवीस मुलांत वर्षभर टिकलेलं दाखवता आलं तर कुठल्याही तोंडी परीक्षेत मान ताठ ठेवून बसाल. तुमची 24 आणि शेजारच्या एखाद्या शाळेतली तेवढीच पुरेत, वर्षातून तीन वेळा तीच चित्रं, जुलै, नोव्हेंबर, मार्च. सोबत अमरावतीकडच्या घरी मराठी बोलणाऱ्या लहान मुलांचा एक छोटा गट घ्या, त्यांनाही लिंग जन्मतः येत नसतं, त्यांच्या चुका शेजारी ठेवल्या तर कळेल कोरकू मुलांचं वेगळं काय आणि सगळ्याच मुलांचं काय. आणि कोरकूतली 1-2 मिनिटांची गोष्ट प्रत्येकाकडून रेकॉर्ड करा, म्हणजे मूल आपल्या भाषेत किती बोलतं ते पण प्रबंधात राहील.

मोबाइल खिशात नको, लपवून तर अजिबातच नको. पालकांची सभा घ्या, कोरकूतून सांगा काय करणार आहात, लेखी परवानगी घ्या, अंगठा चालेल, आणि मूल नको म्हणालं तर त्या दिवशी नको. मग मोबाइल सरळ टेबलावर, खाली दुमडलेली गोधडी, मुलापासून हातभर. लिहून काढायला ईलॅन नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आवाज बारकाईनं बघायला प्राट, तेही फुकट. एक तासाचं रेकॉर्डिंग लिहायला आख्खा दिवस जातो, कधी दोन, म्हणून तासन् तास रेकॉर्ड करत सुटू नका. आणि शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर कोरकू आणि मराठी लिंग दोन्ही टाकून आधीचे प्रबंध बघून घ्या, मार्गदर्शकांना दाखवायला बरं पडतं.

कपाशी

सभेला कोरकूतून बोला हे शंभर टक्के. आणि आजी लोकांना पण बोलवा, नुसते आईबाप नको.

रानवाट

आज मार्गदर्शकांना फोन केला. यादीतलं काही घेत नाही म्हटल्यावर गप्प झाले, मग मी त्यांना त्या मुलीचं वाक्य सांगितलं आणि दुकान-आवाजचं सांगितलं. ते म्हणाले परत सांगा, लिहून घेतो. आणि म्हणाले त्यांच्या आई घरी अहिराणी बोलायच्या. पुढच्या गुरुवारी दोन पानं घेऊन बोलावलंय.

सभा रविवारी ठेवलीय, बाजाराचा दिवस सोडून. चित्रं माझी 3रीची मुलंच काढतायत, टोमका हिरवा झालाय आणि त्याला सहा पाय आहेत, लिफी अजून व्हायचीय. खडूफळा सर, यादीत आंबा आणि केळं ठेवू का काढू? इथं त्यांना कोरकूत वेगळी नावं आहेत आणि मुलं चित्र बघून आधी तेच नाव घेतात, मग मराठी आठवतात. तेवढं रविवारच्या आधी सांगा.